भीड भिकेची बहीण

दिवाळीची खरेदी म्हटली की एके काळी कापडचोपड, उटणे, वासाचे तेल, मुलांसाठी फटाके आणि साधलेच तर एखादा लहानसा दागिना एवढ्यावर भागत असे. हल्ली धनत्रयोदशीपासून पाडव्यापर्यंत निम्मे गाव विजेच्या उपकरणांच्या दुकानांत उभे असते. ह्या खरेदीला नाके मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. मिक्सरने आणि धुण्याच्या यंत्राने आपल्या घरच्या बायकांच्या मनगटांवर जे उपकार केले आहेत, त्यांची बेरीज कोणत्याच वहीत मावायची नाही. वर्षभर पैपैसा बाजूला टाकून सणाला एखादी मोठी वस्तू घरात आणावी, तिला हळदकुंकू लावावे, शेजाऱ्यांना पेढे द्यावेत, यात वाईट काय आहे?

माझी तक्रार आहे ती त्या खरेदीच्या शेवटच्या पाच मिनिटांबद्दल. वस्तू पसंत पडलेली असते, घासाघीस संपलेली असते, पाकिटातले पैसे अर्धे बाहेर आलेले असतात, बरोबरची मुले कंटाळून खुर्च्यांवर चढलेली असतात. नेमक्या त्या घटकेला काउंटरमागचा तरुण हसून विचारतो, "आणि एक्स्टेंडेड वॉरंटी किती वर्षांची करू?" करू का, असे तो विचारत नाही. किती वर्षांची, असे विचारतो. त्या एका प्रश्नात त्याची सगळी विद्या आली.

ज्यांचा ह्या प्रकाराशी अजून संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. कंपनी वस्तूबरोबर स्वतः जी वॉरंटी देते ती बहुधा एक वर्षाची असते. फ्रिजच्या कॉम्प्रेसरला किंवा धुण्याच्या यंत्राच्या मोटारीला पुष्कळ कंपन्या दहा दहा वर्षेही देतात. तिचे पैसे किमतीतच आलेले असतात. ही मुदत संपल्यावर पुढची एक, दोन किंवा तीन वर्षे दुरुस्ती फुकट व्हावी म्हणून वेगळे पैसे भरून जो करार घ्यायचा, ती एक्स्टेंडेड वॉरंटी. आपण तिला वाढीव वॉरंटी म्हणू. हा करार कधी कंपनी करते, कधी दुकान करते, आणि पुष्कळदा ह्या दोघांपैकी कोणीच करत नाही, तिसरीच एखादी संस्था करते. घेणे न घेणे सर्वस्वी गिऱ्हाइकाच्या खुशीवर असते. निदान कागदावर तसे असते.

ही खुशी दुकानात कशी काढून घेतात, हे मी मागच्या दिवाळीत जवळून पाहिले. आमच्या शेजारच्या वहिनींना फ्रिज घ्यायचा होता. दोन वर्षे भिशी घालून त्यांनी बत्तीस हजार जमवले होते. "भाऊजी, तुम्हांला हिशेबातलं कळतं, तुम्ही बरोबर चला," म्हणून त्या मला घेऊन गेल्या. जुना फ्रिज अधूनमधून बंद पडे, आणि घरात सासूबाईंचे इन्सुलिन ठेवायचे असे. फ्रिज निवडताना ही गोष्ट त्यांनी सेल्समनला अगदी सहज सांगितली. तोही मोठा अगत्याचा मुलगा. "काकू, हा घ्या. दहा वर्षं हात लावायला नको. मशीन म्हणजे दगड आहे दगड!"

वहिनींनी फ्रिज पसंत केला. किंमत त्यांच्या जमलेल्या पैशांत बसत होती. मग बिलाच्या काउंटरवर तो मुलगा पुन्हा आला आणि म्हणाला, "काकू, दोन वर्षांची वाढीव वॉरंटी धरून चौतीस हजार आठशे."

"ती कशाला?"

"अहो, आजकालच्या मशीनचं काही खरं नाही. आत सगळे इलेक्ट्रॉनिक बोर्ड. एक बोर्ड गेला की सात-आठ हजार. सगळेच घेतात, काकू."

"नको. माझ्याकडे तेवढे नाहीत."

"हप्त्यात घालून देतो. महिन्याला कळणारसुद्धा नाही. आणि ही किंमत फक्त आजच आहे." एवढ्याने भागेना, तेव्हा त्याने आवाज खाली आणला. "काकू, आजींचं औषध असतं ना घरात? अडीच-तीन हजारांसाठी कशाला जोखीम घेता?"

शेवटच्या वाक्याने वहिनींचा चेहरा उतरला. मागे चार माणसे रांगेत उभी होती आणि ती ऐकत होती. सासूच्या औषधापुढे अडीच हजारांचा हिशेब करणारी सून, असे चित्र त्या मुलाने भर दुकानात उभे केले होते. मी काही बोलणार, तोच वहिनीच बोलल्या. अगदी शांतपणे त्यांनी विचारले, "मघाशी तर तुम्ही म्हणालात की हा फ्रिज म्हणजे दगड आहे, आणि दहा वर्षं हात लावायला नको. मग दगडाचा बोर्ड कसा जाईल?"

रांगेतले कोणीतरी हसले. मुलगाही ओशाळून हसला. वहिनींनी मग वॉरंटीचा कागद मागितला आणि विचारले, "बिघडल्यावर किती दिवसांत माणूस येणार, आणि तोवर मी औषध कुठे ठेवायचं, ते यात कुठे लिहिलं आहे?" आम्ही दोघांनी तो कागद वरून खाली वाचला. त्या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. औषधाच्या नावावर जे विकायचे चालले होते, त्यात औषधाची सोय मुळीच नव्हती. वहिनी म्हणाल्या, "मग आमच्या भाऊजींचा फ्रिज बरा. तो भिंतीपलीकडेच आहे," आणि नुसता फ्रिज घेऊन आल्या.

ह्या हकिकतीत मला त्या मुलाचा राग आला नाही, आणि त्याचे कारण माझा भाचा आहे. तोही अशाच एका दुकानात नोकरीला आहे. त्याला मी हा प्रसंग सांगितला तेव्हा तो म्हणाला, "मामा, तो बिचारा काय करणार? दिवसभरात किती फ्रिज विकले ते संध्याकाळी कोणी फारसं विचारत नाही. किती फ्रिजांवर वॉरंटी लावली, ते विचारतात. मागे पडला की सगळ्यांदेखत नाव घेतात." त्याच्या पगाराचा काही भाग ह्या आकड्यावर ठरतो. म्हणजे काउंटरच्या अलीकडे वहिनींवर जे दडपण होते, तेच पलीकडे त्या मुलावर होते. आणि ते चढवणारा माणूस दुकानात हजरच नव्हता.

दुकानदार हे का करतात, त्याचे कारण अर्थशास्त्राचे आहे. आज टीव्हीची किंवा फ्रिजची किंमत चार ठिकाणी पाहायला कोणालाही दोन मिनिटे लागतात. त्यामुळे खुद्द वस्तूवर नफा थोडा सुटतो. वाढीव वॉरंटीची किंमत मात्र कोणी चार ठिकाणी विचारत नाही, कारण ती घ्यायची आहे हे काउंटरवर जाईपर्यंत गिऱ्हाइकाला माहीतच नसते. जिथे तुलना नाही तिथे नफा असतो. धंद्याचा हा नियम आपल्या आजोबांच्या काळापासून आहे.

आता थोडा हिशेब मांडू. समजा, दोन वर्षांच्या वाढीव वॉरंटीला २,५०० रुपये पडतात, आणि बिघाड झालाच तर दुरुस्तीला सरासरी ४,००० रुपये लागतात. अशा शंभर गिऱ्हाइकांनी मिळून अडीच लाख रुपये भरले. हे पैसे त्यांना दुरुस्तीच्या रूपाने परत मिळायचे, तर त्या दोन वर्षांत शंभरातल्या बासष्ट-त्रेसष्ट जणांचे फ्रिज बिघडले पाहिजेत. एवढे बिघडत असतील तर तो फ्रिजच घेऊ नये! आणि त्या अडीच लाखांतून दुकानाचे कमिशन, कर, कचेरीचा खर्च आणि करार करणाऱ्याचा नफा आधी निघायचा असतो. म्हणजे दुरुस्तीसाठी उरणारी रक्कम त्याहून बरीच कमी असणार, हे उघड आहे.

दुसरी गोष्ट यंत्रांच्या स्वभावाची. यंत्रे कधी बिघडतात याचा आलेख इंजिनिअर मंडळी काढतात, आणि त्याला 'बाथटब कर्व्ह' म्हणतात, कारण तो न्हाणीघरातल्या टबासारखा दिसतो. सुरुवातीला बिघाड जास्त असतात, कारण कारखान्यात राहून गेलेला दोष पहिल्या काही महिन्यांत डोके वर काढतो. मग बरीच वर्षे आलेख खाली सपाट चालतो. शेवटी झीज होऊन तो पुन्हा चढतो. सुरुवातीचा चढ कंपनीच्या फुकटच्या वॉरंटीत येतो. म्हातारपणाचा चढ यायच्या आत बहुतेक वाढीव वॉरंट्या संपतात. मधल्या सपाट भागासाठी आपण पैसे भरतो. प्रत्येक यंत्र ह्या आलेखाप्रमाणेच वागते असे नव्हे, पण पैज लावायची तर ती कोणत्या बाजूने लावावी हे त्यावरून कळते.

हे झाले न बिघडणाऱ्या वस्तूचे. बिघडलीच, तर तरी पैसे वसूल होतात का? आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी टीव्हीवर अशी वॉरंटी घेतली होती. तिसऱ्या वर्षी पडदा गेला. दुकानाने सांगितले, करार आमचा नव्हे. कंपनीने सांगितले, आमची वॉरंटी पहिल्या वर्षीच संपली. कागदावर ज्या तिसऱ्याच संस्थेचे नाव होते, तिने मूळ बिल मागितले. बाईंनी बिल नीट घडी घालून फाइलमध्ये ठेवले होते. उघडून पाहतात तो कागद कोरा! हल्लीची बिले उष्णतेने छापण्याच्या कागदावर निघतात, आणि त्यांची अक्षरे वर्ष-दोन वर्षांत उडून जातात. दुकानातून नक्कल काढून आणायला त्यांना तीन खेपा पडल्या. शेवटी उत्तर आले की, सुटा भाग मिळत नाही, तेव्हा करारातल्या कलमाप्रमाणे घसारा वजा करून रक्कम देऊ. त्या रकमेत नवा टीव्ही यायचा नव्हता. बाई मला म्हणाल्या, "पैशांचं एक वेळ सोडा. पण चाळीस वर्षं मुलांना 'नीट वाचा' म्हणून सांगितलं, आणि मला तो कागद दुकानात वाचायला कोणी वेळच दिला नाही."

त्या कागदात काय काय वगळलेले असते, ते वाचण्यासारखे असते. पुष्कळ करारांत गंज, काच, प्लॅस्टिकचे भाग, विजेच्या दाबातले चढउतार, उंदीर-झुरळांनी केलेले नुकसान आणि पडझड येत नाही. कोकणातल्या खाऱ्या हवेत गंज, आणि खेड्यापाड्यांत विजेचा दाब, हीच तर बिघाडाची मोठी कारणे!

कायदा आपल्या बाजूला किती आहे, तेही पाहू. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. एक वस्तू हवी असेल तर तिच्याबरोबर दुसरी वस्तू किंवा सेवा घेतलीच पाहिजे, अशी अट घालणे ही त्या कायद्याने निर्बंधात्मक व्यापारी प्रथा ठरते. तेव्हा "वॉरंटी घेतली नाही तर फ्रिज मिळणार नाही," असे कोणी म्हटले तर ते कायद्यात बसत नाही. बिल न देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे. घरबसल्या मोबाइलवरून खरेदी करणाऱ्यांसाठी २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी आधीच खूण केलेल्या चौकोनांवर बंदी घातली. पुढे ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी अशा फसव्या युक्त्यांचे तेरा प्रकार सांगून ते वर्ज्य ठरवले. गिऱ्हाइकाला न विचारता बिलात काही घुसडणे हा त्यांतला एक. आणि "नको" म्हणणाऱ्याला लाज वाटेल अशी भाषा वापरणे हा दुसरा. वहिनींना काउंटरवर जे सोसावे लागले, तेच पडद्यावर केले तर त्याला आता नाव आहे आणि मनाईही आहे.

तक्रार करायची तर १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. तिथे मराठीतही बोलता येते. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीबद्दल तिथे फी पडत नाही, वकील लागतोच असे नाही, आणि आपण जिथे राहतो तिथल्या आयोगाकडेही दाद मागता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र गेले पाहिजे.

विलायतेत हाच रोग फार बळावला, तेव्हा तिथल्या सरकारने चौकशी करून २००५ साली खास आदेश काढला. वाढीव वॉरंटीची किंमत वस्तूच्या शेजारीच लावावी, गिऱ्हाइकाला लेखी भाव द्यावा आणि तो तीस दिवस कायम ठेवावा, आणि घेतल्यावरही पंचेचाळीस दिवसांत मन बदलले तर, तोवर दुरुस्ती मागितली नसल्यास, सगळे पैसे परत द्यावेत, असे त्यात ठरले. त्यातले मर्म असे की, वॉरंटी विकायला कोणाची हरकत नाही. पण गिऱ्हाइकाला ती घरी नेऊन विचार करण्याइतका वेळ मिळाला पाहिजे. आपल्याकडच्या दुकानदारांनी असे आपणहून केले, तर गिऱ्हाईक त्यांना दुवाच देईल. ज्या मालाला घरी जाऊन विचार केल्यावर कोणी गिऱ्हाईक उरत नाही, त्या मालातच काहीतरी खोट आहे.

वाढीव वॉरंटी कधीच घेऊ नये, असे मी म्हणणार नाही. एखाद्याची रोजीरोटीच त्या लॅपटॉपवर असते. एखाद्या म्हाताऱ्या जोडप्याची मुले परगावी असतात आणि दुरुस्तीवाला शोधणे त्यांना होत नाही. त्यांनी ती जरूर घ्यावी. पण शक्यतो वस्तू बनवणाऱ्या कंपनीचीच घ्यावी. पुष्कळ कंपन्या पहिले वर्ष संपायच्या आत ती केव्हाही देतात. तेव्हा "आज घ्या, नाहीतर संधी गेली," हे ऐकून घाबरण्याचे कारण नसते. विमा घ्यावा तो आपल्याला न पेलणाऱ्या नुकसानीचा: घरातल्या मिळवत्या माणसाचा, दुखण्याचा, आगीचा. मिक्सरचा नव्हे. बाकीच्यांनी एक डबा करावा, किंवा बँकेत एक निराळे खाते उघडावे. प्रत्येक वस्तूच्या वेळी जे दोन-अडीच हजार वॉरंटीला गेले असते, ते त्यात टाकावेत. फ्रिज, टीव्ही, धुण्याचे यंत्र, गीझर आणि पंखे मिळून पाच वर्षांत दहा-बारा हजार जमतात. जे बिघडेल त्याला ते उपयोगी पडतात, आणि काहीच बिघडले नाही तर आपले आपल्याकडेच राहतात. अशा डब्याला वगळलेल्या बाबींची यादी नसते.

खरी अडचण हिशेबाची नाही, ती भिडेची आहे. आपण मध्यमवर्गीय माणसे. भाजीवालीशी आठ आण्यांसाठी हुज्जत घातलेल्या आयांची आपण मुले. पण वातानुकूलित दुकानात, गळ्यात टाय बांधलेल्या मुलासमोर आणि मागे रांग उभी असताना "मला परवडत नाही" किंवा "मला नको" हे शब्द आपल्या तोंडून निघत नाहीत. आपण गरीब दिसू, चिकट दिसू, घरच्या माणसांविषयी बेफिकीर दिसू, असे वाटते. नेमके हेच तिथे विकायला मांडलेले असते. भीड ही भिकेची बहीण, असे जुनी माणसे म्हणत. वाढीव वॉरंटीचे दुकान ह्या बहिणीच्याच माहेरी थाटलेले आहे.

म्हणून यंदा खरेदीला निघण्यापूर्वी, चहा घेताना, घरातल्या सगळ्यांनी मिळून दोन गोष्टी ठरवाव्यात. वस्तू किती रुपयांपर्यंतची घ्यायची, आणि वॉरंटी घ्यायची की नाही. ठरलेले एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवावे. पैसे देण्याआधी बिलातली प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचावी. रांग थांबली तर थांबू द्यावी. घरी आल्यावर बिलाचा मोबाइलवर फोटो काढावा आणि साध्या कागदावर एक झेरॉक्स करून ठेवावी. आणि त्या तरुणाने फारच आग्रह धरला, तर आपल्या आईआज्यांनी दारावरच्या फेरीवाल्यांवर वर्षानुवर्षे वापरलेले वाक्य वापरावे: "घरी विचारून सांगते." त्यात कोणाचा अपमान होत नाही, खोटेही बोलावे लागत नाही. हसून बोलावे, म्हणजे त्या मुलालाही दिवाळी गोड वाटेल. सणाच्या दिवशी तोही दिवसभर उभाच असतो.

आपण आणलेली वस्तू आपल्या घरी पुष्कळ वर्षे, न कुरकुरता चालो, ही सदिच्छा.